चौदा चुका

नंदकुमार देवकरनं अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला. मिरजेच्या विषाणू-वंशावळ केंद्रात नुसतं बोललं की पडद्यावर अर्ज आपोआप भरला जायचा, पण त्यानं कोरा कागद मागून घेतला. नाव, गाव, वय त्रेपन्न, धंदा गलाई. मग एक ओळ: 'कुरणवाडीत पसरलेला ताप मी आणला किंवा कसे, हे तपासून मला कळवावे.'

खिडकीमागच्या बाईंनी ती ओळ दोनदा वाचली.

"लोक इथं दुसऱ्याचं नाव घेऊन येतात," त्या म्हणाल्या. "स्वतःचं घेऊन आलेले तुम्ही पहिलेच."

"दुसऱ्यांनी माझं घेऊन यायच्या आधी आलो," नंदकुमार म्हणाला.

कुरणवाडी हे खानापूर तालुक्यातलं माळावरचं गाव. तीनशे उंबरे. पाऊस बेताचा, म्हणून चार पिढ्यांपूर्वी इथली माणसं गलाईचा धंदा शिकून बाहेर पडली. जुने दागिने वितळवायचे, सोनं-चांदी शुद्ध करायची आणि सोनाराला द्यायची, हा तो धंदा. आधी कोइमतूर, कानपूर. मग काठमांडू, दुबई. नंदकुमार घानाच्या राजधानीत, अक्राला बावीस वर्षं होता. त्याची बायको आणि मुलगा तिथं दुकान सांभाळत. माणसं कुठंही असोत, चैत्रात भैरोबाच्या जत्रेला गावात यायचीच.

यंदा, २०४१ साली, नंदकुमार एकटाच आला, सत्तावीस मार्चला. तिसऱ्या दिवशी त्याला कणकण आली, ती त्यानं दोन दिवस अंगावर काढली. पाच आणि सहा एप्रिलला जत्रा झाली. कुस्त्या झाल्या, घरोघर पंगती उठल्या, आणि सातच्या सकाळपासून पाहुणे आपापल्या शहरांकडे निघाले. आठला पहिला रुग्ण विट्याच्या दवाखान्यात दाखल झाला. वीस तारखेपर्यंत गावात शंभरावर माणसं तापानं पडली. पाच गेली. त्यांत कुसुमवैनी होत्या.

कुसुमवैनी म्हणजे नंदकुमारच्या थोरल्या भावाची, आप्पांची बायको. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा नंदकुमार नऊ वर्षांचा होता आणि पुढच्याच वर्षी त्याची आई गेली. त्याच्या फाटक्या दप्तराला टाके घालण्यापासून दहावीच्या परीक्षेला डबा बांधून देण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. अक्रातून दर रविवारी त्याचा फोन यायचा तो वैनींना. आप्पांशी बोलणं शेवटी दोन मिनिटं व्हायचं.

परदेशातून जत्रेला तीसेक जण आले होते. पण आल्या आल्या तापलेला गावाला एकच माहीत होता. तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त त्याच्या दारावरून माणसं जाईनाशी झाली. केस कापणाऱ्यानं तीन वेळा 'उद्या या' म्हणून सांगितलं. एवढं त्यानं सोसलं असतं. पण अस्थी सावडताना त्यानं मडक्याकडे हात पुढे केला, आणि आप्पांनी काही न बोलता मडकं दुसऱ्या बाजूला घेतलं. त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते.

आणि आप्पांना जे वाटत होतं, तेच नंदकुमारलाही वाटत होतं.

*

डॉ. रेवती कित्तूर केंद्राच्या प्रमुख होत्या. पंचेचाळिशीच्या, बोलण्यात मिरजेकडचा कानडी हेल. अर्ज बघून त्यांनी नंदकुमारला स्वतःच्या खोलीत बसवलं.

"शाळेत कधी गणितं उतरवून घेतलीत का शेजाऱ्याची?"

"घेतली की."

"मास्तरांना कळायचं कसं?"

"बरोबर उत्तरावरनं कळायचं नाही," नंदकुमार थोडा विचार करून म्हणाला. "चुकीवरनं कळायचं. दोघांची चूक एकच असली की पकडायचे."

"आमचं काम तेवढंच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "विषाणू म्हणजे जवळजवळ तीस हजार अक्षरांचा मजकूर. तो तुमच्या शरीरात शिरला की स्वतःच्या लाखो नकला काढतो. नकला काढताना एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत जाते, त्यात नवी एखादी भर पडते. दोन माणसांच्या विषाणूंत त्याच चुका त्याच क्रमानं सापडल्या, तर ते एकाच घराण्यातले. अशा चुका जुळवत मागं मागं गेलं की वंशावळ तयार होते."

"आणि ती कुठपर्यंत जाते?"

"पूर्वी देशापर्यंत जायची. फार तर शहरापर्यंत. आता माणसापर्यंत जाते."

ते कसं, हे त्यांनी सांगितलं. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक विमानाच्या संडासाच्या टाकीतला नमुना आता धावपट्टीवरच तपासला जातो. उतरलेला प्रत्येक प्रवासी एका नळीत थुंकतो, ती नळी नव्वद दिवस गोठवून ठेवतात. जगातल्या सव्वाशे देशांच्या अशा नोंदी एकाच यंत्रात जुळवल्या जातात.

"नळीत तर मी पण थुंकलो होतो," नंदकुमार म्हणाला. "हिरवा दिवा लागला. जा म्हणाले."

"दारावरच्या रखवालदाराकडे ज्यांचे फोटो असतात, त्यांनाच तो अडवतो. नव्या चेहऱ्याला हिरवाच दिवा लागतो. विषाणू पूर्वी गलबतातून यायचा तेव्हा वाटेत महिना जायचा. आजारी माणूस समुद्रातच बरा व्हायचा, नाहीतर मरायचा. आता एखादी चूक सकाळी एका खंडात होते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खंडात पंगतीला बसते. तिचा फोटो काढायला तेवढा वेळ पुरत नाही."

त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर कुरणवाडीचा नकाशा उघडला. त्यावर एकसष्ट लाल ठिपके होते.

"हे सगळे दवाखान्यात आलेले. त्यांच्याशिवाय एकानंही नमुना दिलेला नाही. माझी माणसं तीनदा जाऊन आली, दारं लागली. जत्रेला आलेले पाहुणे कुठं कुठं गेले, हेही कुणी सांगत नाही. हा ताप मागच्या वर्षीच्या लशीला जुमानत नाही, देवकर. तो आणखी किती शहरांत गेलाय, मला माहीत नाही."

"लोक घाबरलेत. नमुना दिला तर वंशावळीत नाव येईल म्हणून."

"तुम्ही नाही घाबरलात?"

नंदकुमारनं बाही वर केली. "रक्त लागेल का?" त्यानं विचारलं.

*

चार दिवसांनी डॉक्टरांनी त्याला बोलावून घेतलं. पडद्यावर आता झाड होतं. मुळाशी एक जाड रेघ, तिला फांद्या, फांद्यांना बारीक डहाळ्या.

"हा तुमचा विषाणू," त्यांनी अगदी डाव्या कडेच्या एका डहाळीवर बोट ठेवलं. "विमानतळावरच्या नळीतला. जुनं, साधं पडसं आहे. आणि हे कुरणवाडीचे एकसष्ट." ते सगळे उजवीकडे एकाच फांदीला झुपक्यासारखे लटकले होते. "या एकसष्टांत चौदा चुका सारख्या आहेत. तुमच्यात त्यांतली एकही नाही. तुम्ही आणला नाहीत."

नंदकुमारनं टेबलाची कड धरली. वैनी गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला रडू आलं, आणि डॉक्टर उठून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मग कुणी?" त्यानं शेवटी विचारलं.

"नाव आम्ही देत नाही. तसा नियम आहे. अहवालात फक्त विमान आणि वयोगट येतो." त्या परत येऊन बसल्या. "पण गाव लहान असलं की नावाची गरज उरत नाही. म्हणून तुम्हाला आधी बोलावलं. अर्ज तुमचा आहे. सात दिवसांत तो मागं घेतलात, तर अहवाल गावात लागणार नाही. 'उगम निश्चित नाही' एवढंच नोंदलं जाईल."

त्यांनी कागद पुढे केला. एक एप्रिलला मुंबईत उतरलेलं, ॲडलेडहून एका मधल्या विमानतळामार्गे आलेलं विमान. प्रवासी स्त्री, वय पस्तीस ते चाळीस, मुक्काम खानापूर तालुका.

नंदकुमारनं कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"तिला कुठनं आला?"

"ॲडलेडहून नाही, एवढं नक्की. पुढचं विमान रद्द झाल्यानं मधल्या विमानतळावर ती दोन दिवस अडकली होती. तिथं त्या दिवसांत सत्तर देशांची माणसं बसली होती. तेरा चुकांचा विषाणू त्याच दिवसांत तिथनं निघालेल्या आणखी तीन विमानांत सापडलाय. चौदावी चूक तिच्या शरीरात झाली. तिच्याआधीच्या माणसाला तो आणखी कुणी दिलाच असणार. आम्ही मूळ सापडलं म्हणतो, ते खरं तर आम्ही जिथं थांबतो ती जागा असते."

"हे अहवालात लिहिता का?"

"लिहितो. कुणी वाचत नाही."

*

वृषाली, आप्पांची मुलगी, डाळिंबाच्या बागेत होती. ॲडलेडच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची. आठ वर्षांनी जत्रेला आली होती आणि आईच्या तेराव्यानंतरही शाळेची रजा वाढवून राहिली होती. वडील एकटे पडतील म्हणून.

नंदकुमार बांधावर बसला. वृषालीनं हातातली कात्री खाली ठेवली.

"निकाल आला ना, काका?"

"आला. माझा नाही म्हणाले."

"बरं झालं," ती म्हणाली. मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. समोरच्या झाडाचं एक पान तोडून त्याच्या बारीक चिंध्या करत होता.

"मग माझा आहे," वृषाली म्हणाली.

नंदकुमारनं मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

"विमानातच घसा धरला होता. एसीमुळं असेल, असं वाटलं. घरी आल्यावर आईनं आल्याचा काढा दिला. माझ्याच कपातनं उरलेला ती प्यायली. वाया कशाला घालवायचा म्हणाली." ती खाली बसली. "मला आठवड्याभरापासनं शंका होती. मी मुलांना हाच धडा शिकवते, काका. पण मी नमुना द्यायला गेले नाही. गावानं तुमचं नाव घेतलं, आणि मी ते घेऊ दिलं."

"तुला माहीत नव्हतं."

"विचारलं असतं तर कळलं असतं. म्हणून तर विचारलं नाही."

वारा नव्हता. दूरवर कुणाचा तरी फवारणीचा पंप चालू होता.

"मी अर्ज मागं घेतो," नंदकुमार म्हणाला. "सात दिवस आहेत. मला काय, गाव वर्षातनं पंधरा दिवस लागतं. पुढच्या वर्षी लोक विसरतील. तुझ्या बापाला मात्र बायको गेली, आता लेक पण..."

"आणि दारं लावून बसलेत त्यांचं काय? काठमांडूला गेलेत त्यांचं?" वृषालीनं डोळे पुसले. "आज चला माझ्याबरोबर. आप्पांना सांगताना तुम्ही तिथं असा."

*

आप्पा ओसरीवर सुपातली ज्वारी निवडत होते. नंदकुमारला पाहून त्यांचे हात थांबले, पुन्हा चालू झाले. तो पायरीवरच उभा राहिला. वृषाली वडिलांसमोर जमिनीवर बसली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. विमान, घसा, काढा, चौदा चुका. मध्ये कुठंही रडली नाही. शाळेत शिकवावं तसं तिनं सगळं नीट, क्रमानं सांगितलं.

आप्पांनी सूप बाजूला ठेवलं. ते सदुसष्ट वर्षांचे होते. पत्नी गेल्यापासून अंगानं निम्मे झाले होते.

"तिनं आठ वर्षं तुझी वाट बघितली," ते म्हणाले. "तू आलीस त्या दिवशी दोनदा चूल पेटवली. गॅस असताना."

"आप्पा, माझ्यामुळं..."

"तुझ्यामुळं काय? आजार काय कुणी गाठोड्यात बांधून आणतो व्हय? कुणी जाणूनबुजून करतंय का?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मनात काही धरू नकोस. तुझी आई असती तर हेच म्हणाली असती."

वृषाली तेव्हा रडली. आप्पा तिला थोपटत राहिले.

पायरीवर उभ्या नंदकुमारला आधी हायसं वाटलं. ज्याची त्याला भीती होती ते झालं नव्हतं. मग त्याच्या लक्षात आलं. हीच वाक्यं अस्थी सावडल्या त्या दिवशी कुणीतरी त्याला म्हणायला हवी होती. आप्पांकडे ती होती. ती शोधायला त्यांना क्षणभरही लागला नव्हता.

तो वळला आणि चालू लागला. मागून कुणी हाक मारली नाही.

*

ग्रामसभा शुक्रवारी, देवळासमोरच्या मंडपात झाली. माणसं तोंडाला पट्ट्या बांधून लांब लांब बसली होती. सरपंच सुनंदाबाई लोहारांनी अहवाल वाचायला घेतला. विमानाच्या ओळीपाशी त्या अडखळल्या. तेवढ्यात वृषाली उठली.

"ती मी," ती म्हणाली.

ती पाचेक मिनिटं बोलली. शेवटी एवढंच म्हणाली, "मला तो कुणी दिला ते मला माहीत नाही. त्या माणसालाही माहीत नसणार. पण आपल्याकडनं तो कुणाकडे गेला, ते आपल्याला माहीत आहे. आपण जेवायला वाढलंय त्यांना."

जाताना एक म्हातारी वृषालीला लांबून वळसा घालून गेली. तिचा नातू विट्याच्या दवाखान्यात होता. पण दुसऱ्या दिवशी डॉ. कित्तूरांची गाडी आली तेव्हा अकरा घरांनी नमुने दिले. त्याच्या पुढच्या दिवशी सत्तावीस. तीनशे उंबऱ्यांच्या गावात ते फार नव्हते. डॉक्टर म्हणाल्या, सुरुवात अशीच होते.

त्याच दुपारी आप्पा नंदकुमारच्या घरी आले. दारात चप्पल काढून जरा वेळ तसेच उभे राहिले.

"आत या," नंदकुमार म्हणाला.

आप्पा बसले. त्यांच्या हातात शाळेची शंभरपानी वही होती.

"मी तुला तसं म्हणालो नाही," ते म्हणाले. "पोरीला म्हणालो तसं."

"नाही म्हणालात."

"तू पायरीवर होतास, ते मला नंतर आठवलं. तोवर तू गेला होतास." आप्पा वहीच्या कडेवर बोट फिरवत होते. "का म्हणालो नाही, ते मी रोज शोधतोय, नंदा. तिच्या मरणाचा राग कुणावर तरी काढायचा होता, आणि तू जवळ होतास. एवढंच सापडतंय."

"मी बावीस वर्षं लांब होतो आप्पा. जवळचा असतो तर माझ्यावर काढला नसता."

नंदकुमारला वाटलं होतं की हे बोलून टाकलं की मन हलकं होईल. ते झालं नाही. तो उठला, माठातलं पाणी घेऊन आला आणि भावासमोर ठेवलं.

"वहीत काय आहे?"

"जत्रेच्या दोन दिवसांत माझ्याकडे जेवून गेले त्यांची नावं. नव्वदला चार कमी. कुसुम असती तर तिनं तोंडपाठ सांगितली असती. मला तीन दिवस लागले." त्यांनी वही उघडली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सरकारी फोन आला की लोक उचलत नाहीत. घरचा आला की उचलतात. नंबर तुझ्याकडे असतील."

नंबर नंदकुमारकडे होते. परदेशात राहणारा माणूस गावाचे नंबर जपून ठेवतो. दोघं वहीवर वाकले. काठमांडू, कोइमतूर, विजयवाडा, मस्कत, नैरोबी. थोड्या वेळानं वृषालीही येऊन बसली. नंदकुमार नंबर लावून द्यायचा, आप्पा बोलायचे. ताप आहे का, खोकला आहे का, घरातून बाहेर पडू नकोस, या नंबरवर कळव. एकानं फोन मध्येच ठेवला. मस्कतच्या एका बाईनं घरात तिघं पडल्याचं रडत सांगितलं, आणि वृषालीनं तो पत्ता लगेच मिरजेला कळवला. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकोणतीस फोन केले होते. नऊ शहरांत ताप पोचला होता. एकोणीस घरं अजून बरी होती, आणि आता ती सावध होती.

तिसावा फोन कोइमतूरच्या किसन पवाराचा. तो आप्पांच्या वर्गातला. फोनवर मोठ्यानं बोलायची त्याला सवय होती, त्यामुळे नंदकुमारला सगळं ऐकू येत होतं.

"ऐकलं मी," किसन म्हणाला. "तुझ्या नंदानं आणला म्हणं आफ्रिकेतनं."

आप्पांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"नाही," ते म्हणाले. "माझ्या घरातनं गेला तो. माझ्या पंगतीतनं. माझं नाव सांग सगळ्यांना. आणि नंदा इथंच आहे, माझ्याशेजारी. दुपारपासनं तोच नंबर लावून देतोय. त्याच्याशी बोल."

त्यांनी फोन पुढे केला.

नंदकुमारनं तो घेतला. पलीकडे किसन घसा साफ करत होता, आणि त्यामागून कुणा बाईच्या खोकल्याचा आवाज येत होता.

"किसनभाऊ," नंदकुमार म्हणाला, "वैनींना ताप कधीपासनं आहे?"